दिंडीच्या शेपटीला

यंदाच्या सुट्टीसाठी मी मोबाईलात एक यादी केली होती. पहाटे पाचला उठणे, रोज सहा किलोमीटर चालणे, पायथॉनचा कोर्स संपवणे, इन्स्टाग्राम दिवसाला अर्धा तास, आईवर न ओरडणे, आणि अगदी खाली, जरा लाजतच लिहिलेलं ‘ध्यान’. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष जेमतेम सुटलं होतं, तेव्हा यादी लांबणारच. मे संपेपर्यंत ती बरी चालली. मात्र तिच्या नादात मला दिवसभर स्वतःशिवाय दुसरं काही सुचेनासं झालं. माझी झोप, माझी पावलं, माझा राग.

परभणीकडची मावशी दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर चालते. तिचा फोन आला, "पुण्यात दोन रात्री मुक्काम हाय, ये आमच्यात." मी हो म्हटलं ते विठ्ठलासाठी नव्हे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, पुण्यापासून धरले तरी दोनशेच्या वर. चालण्याची ओळ एकदाची निकालात निघेल, हा हिशेब. देव आहे की नाही याबद्दल माझं मत तेव्हाही धड नव्हतं, आणि दिंडीत ते मला कुणी विचारलंही नाही. दिंडीप्रमुख महाराजांनी दोनच गोष्टी विचारल्या. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे, पैसे भरले का, आणि अंथरूण आणलं का.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, शेवटी दिवेघाटाची चढण, आणि तिथीप्रमाणे बहुतेक वेळा तो एकादशीलाच येतो. म्हणजे दिवसभर केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि हडपसरपर्यंत लोक हातात कोंबतील ते शेंगदाणे. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. वरून फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होती की घाट माणसांनी भरलाय की मोबाईलनी, कळेना. वारीतली ही एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही. टाळकऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरून ‘परत एकदा नाचा ना काका’ म्हणणारी माणसं मी पाहिली, आणि काका परत नाचलेही.

पहाटे उठण्याची ओळ सासवडलाच निकालात निघाली. मावशीनं तीन वाजता हलवलं. "उठ पोरी, उजाडल्यावर आडोसा नसतो." टँकरच्या मागे दोन बायका लुगडं धरून उभ्या राहायच्या, तिसरी आंघोळ करायची, मग पाळी बदलायची. फिरती स्वच्छतागृहं असतात, पण रांग बघून माणूस नाद सोडतो. घरी पाचचा गजर मी चार वेळा पुढे ढकलायचे. इथे मी उठले नाही तर लुगड्याचं एक टोक धरायला माणूस कमी पडणार, म्हणून उठायचे. त्यात माझा निग्रह कुठेच नव्हता.

पायाला फोड आले तेव्हा शेजारच्या आजींनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत राहू दिला, पाणी झिरपत राहावं म्हणून. मी निर्जंतुकीकरण वगैरे बोलायला लागले, तर त्यांनी सुई काडीच्या ज्योतीवर धरून दाखवली. पुढे बोलायला काही उरलं नाही.

सगळ्यात जास्त मन रमलं ते समाजआरतीत. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल करून उभ्या राहतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात सगळं थांबतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिथले टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार त्यांच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, त्यानंतरच ते थांबतात. पुढे हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि आरती. पाकीट, चष्मा, टाळाची जोडी असं काय काय परत मिळतं. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे यात लष्करी घडी दिसते असं म्हणतात. मला त्यातलं गाऱ्हाणं फार आवडलं. देवासमोर तक्रार करायची सोय आहे आणि ती ऐकल्याशिवाय आरती सुरू होत नाही, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटलं.

नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. त्या रात्री लोणंदच्या मुक्कामी मला पाळी आली. यादीत याचा विचार कुठे असणार? मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मग? वारी थांबती का?" पण दिंडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या कानावर गेलं आणि सकाळी त्यांनी मला ओळीतून बाजूला घेतलं. वीणेकऱ्याच्या जवळ जायचं नाही, तुळशीवाल्या बायकांत चालायचं नाही, मागं राहायचं. रागावून नाही, हळू आवाजात, एखादं औषध सांगावं तसं. मावशीच्या डोक्यावर तुळस होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि चालू लागली. त्या न बोलण्याचा राग मला पुढे फलटणपर्यंत पुरला.

मागे गेले तर तिथे मी एकटी नव्हते. वेगवेगळ्या दिंड्यांतल्या पाच-सहा जणी पताकांपासून अंतर ठेवून चालत होत्या. कुणीच कुणाला कारण विचारलं नाही. एकीच्या पिशवीत जादाचे पॅड होते, ते तिनं न मागता वाटले. हरिपाठ आमचा आम्ही म्हणत होतो, टाळाविना, टाळ्या वाजवून. त्यांच्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, सोयराबाई माहीत आहे का? चोखोबांची बायको. चौदाव्या शतकात तिनं विचारून ठेवलंय की विटाळ देहातच जन्मतो, तर सोवळं राहिलंय कोण. हा अभंग कीर्तनात मोठमोठ्यानं म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला मागं चालवतात.

"मग तुम्ही ऐकता कशाला?" मी विचारलं.

"काही वर्षं नाही ऐकलं. भांडले. मग दिंडी बदलली. यंदा सासू बरोबर आहे." एवढं सांगून त्यांनी पुढचा अभंग धरला.

त्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, म्हणजे दुतर्फा उभ्या राहिलेल्या वारकऱ्यांमधून अश्व पळवतात ते. आमच्या जागेवरून अश्व दिसलेच नाहीत, फक्त माणसांच्या डोक्यांवरून पळत गेलेला जरीपटका दिसला. लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावत होते. मावशीनं संध्याकाळी थोडी माती पदरात बांधून आणली, माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाली, "त्या म्हातारीची तीसावी का बत्तिसावी वारी हाय, मी काय बोलू तिला?" मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण माती मी पुसली नाही.

श्रद्धेचं म्हणाल तर मला काही साक्षात्कार झाला नाही. वेळापूरजवळ धाव्याच्या वेळी सगळे पंढरीच्या दिशेनं उतारावरून पळत सुटले, तेव्हा मीही पळाले. तो आनंद विठ्ठलाचा होता की उताराचा, मला सांगता येणार नाही. एवढं मात्र कळलं की माझ्या आजूबाजूच्या माणसांना हा प्रश्नच पडत नव्हता, आणि ती भोळी होती म्हणून नव्हे. शाळेतल्या बाईंना सोयराबाई पाठ होती, सासूही सांभाळायची होती आणि विठोबाही हवा होता. तिन्ही एकदम. मी मात्र आधी सगळं तपासून मग विश्वास ठेवायला निघाले होते.

पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायला वेळही नव्हता आणि पायही. बहुतेक वारकऱ्यांसारखं आम्ही चंद्रभागेत आंघोळ केली, कळसाचं दर्शन घेतलं आणि महाद्वारात आलो. नामदेव पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी ज्यांना आत येऊ दिलं नाही ते दाराशीच आहेत. देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं. मावशीनं आधी पायरीला हात लावला, मग समाधीला डोकं टेकवलं. मी तिला सोयराबाईचं सांगितलं. तिला अभंग येत होता. तिनं पुढच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या साली तसं झालं तर तू माझ्या बाजूला चाल. बघू कोण काय म्हणतं."

निघायच्या आधी दिंडीप्रमुखांनी वही काढली. पुढच्या वर्षासाठी नाव लिहू का, विचारलं. माळ घालणार का, हे मावशीनं आधीच विचारून झालं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. एकादशी आणि वारी जमेल, पण सुट्टीतलं मटण सोडायची माझी तयारी नाही. महाराजांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. कॉम्प्युटर शिकतेस ना, म्हणाले, तर आमचा हिशेब नीट मांडून दे, टँकरवाला दरवर्षी गंडवतो. मी वही घेतली. भिशीची जमा, गॅस, भाजी, ट्रकचं भाडं, तंबूचे बांबू. टँकरच्या खेपा खरंच जास्त लावल्या होत्या. आता महाराज रोज संध्याकाळी फोन करतात आणि टँकरवाला काय म्हणाला ते सविस्तर सांगतात.