गरगर, धप्प

आमचं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचं थेरपी सेंटर. पद्धत ठरलेली: मूल आत, आई बाहेर बाकड्यावर. पाऊण तासाने दार उघडायचं, "आज छान बसला हं" म्हणायचं, पुढचं मूल आत घ्यायचं. बऱ्याच पालकांनाही हेच सोयीचं वाटतं.

त्या दिवशी वरिष्ठ मॅडम रजेवर होत्या. मी एका चार वर्षांच्या मुलाच्या आईला आत बोलावलं, मोबाइल स्टँडला लावला आणि म्हटलं, घरी खेळता तसं खेळा. मुलगा स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर फिरवत होता. आई सुरू झाली, "हे काय आहे? गोल आहे ना? सांग ना मॅडमना! झाकण म्हण, झा-कण..." त्याने पाठ फिरवली.

शूटिंग कुणीही करेल, त्यातलं काय दाखवायचं हे कळायला लागतं. चुका दाखवल्या तर आई रडते आणि पुढच्या वेळी येतच नाही. मी शोधून काढले ते मोजके सेकंद: ओढणी सावरताना ती गप्प झाली, तेवढ्यात त्याने झाकण थांबवून तिच्याकडे पाहिलं होतं. "इथे काय झालं?" तिने पुन्हा पाहिलं. "मी काही बोललेच नाही."

मग प्रश्न बंद. झाकण फिरलं की "गरगर", पडलं की "धप्प", आणि थांबायचं. बिचारी ओठ दाबून बसली होती. थोड्या वेळाने झाकण पडलं आणि तिने तोंड उघडायच्या आतच त्याने तिच्याकडे बघितलं. "धप्प!" ती म्हणाली. त्याने झाकण उचलून तिच्या हातात दिलं. शब्द फुटला नाही, पण बोलण्याच्या अलीकडची पायरी हीच.

यात माझी हुशारी नाही. गोवा आणि रावळपिंडीत याच पद्धतीचा 'पास' नावाचा प्रयोग झाला, २०१६ साली प्रसिद्धही झाला. ऑटिझम असलेली ६५ मुलं होती. पालकांना व्हिडिओ दाखवून शिकवणारे तज्ज्ञ नव्हतेच, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. तरी मुलं आपणहून पालकांशी जास्त संवाद सुरू करू लागली.

"मग इतके महिने आम्ही बाहेर का बसलो?" आईने विचारलं.

आमच्या दरपत्रकात पालकांना शिकवण्याचा रकानाच नाही, हे तिला कसं सांगणार? वरिष्ठ मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "सगळं शिकवलंस तर येतील कशाला?"

वेगळा वेळ काढू नका, अंघोळ घालताना, पोळ्या लाटताना हेच करा, असं मी आईला सांगितलं. पण सगळं तिच्याच गळ्यात का? बाबांनाही आणा म्हटलं. त्यांना सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी आमचं सेंटर बंद.