तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थ सांगणं का सोडलं

"बाई, तुम्ही अर्थ सांगायचं का सोडलंत?" लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, कब्रस्तानाच्या फाटकात विचारून झालं, मागच्या नाताळात करंज्या तळतानाही विचारून झालं. कुणाच्या आवाजात काळजी असते. कुणाच्या आवाजात लूकच्या शुभवर्तमानातला तो धनी बोलत असतो, चाकराने मोहर रुमालात बांधून ठेवली म्हणून खवळलेला. देवाने दिलेलं दान वापरलं नाहीत, हिशोब द्यावा लागेल, असं सांगून ही मंडळी पुढची करंजी उचलतात.

द्यावा लागेल, मला ठाऊक आहे. तो तुम्हाला द्यायचा नाही, हेही ठाऊक आहे. पण गेली काही वर्षं जो तो आपल्या मनाने कारण ठरवून मोकळा होतो. पाळकांशी भांडण झालं म्हणून. थोरल्याच्या लग्नावरून मन उडालं म्हणून. परत जुन्या मिशनच्या चर्चमध्ये जायला लागले, तिथे आत्मा विझला म्हणून. भांडण झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण ते नंतर.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल पवित्र आत्म्याची नऊ दानं मोजतो, त्यात अन्य भाषा बोलणं, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं, आणि त्यांचा अर्थ सांगणं ही शेवटची दोन. चौदाव्या अध्यायात तो अट घालतो की दोघांनी, फार तर तिघांनी, तेही आळीपाळीने बोलावं आणि एकाने अर्थ सांगावा. सांगणारा कुणी नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प बसावं. आमच्या फेलोशिपमध्ये ते 'एकाने' म्हणजे मी. 2000 सालापासून अकरा वर्षं.

मी ढोंग करत नव्हते. हे मी दहा जणांना दहा वेळा सांगितलंय, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर ते ऐकून घेतल्याचं सौजन्य दिसतं. कुणी बोलायला लागलं की माझ्या छातीत आधी एक ठेका धरला जायचा. शब्द नाहीत, नुसता ठेका. मग पहिलं वाक्य यायचं, बहुतेक वेळा 'माझ्या लोकांनो' असं. ते एकदा तोंडातून सुटलं की पुढचं आपोआप यायचं, पोहऱ्यामागून दोर यावा तसं. बोलणारा अर्धा मिनिट बोललेला असायचा आणि माझा अर्थ तीन मिनिटं चालायचा. हे एकाने, तेव्हा कॉलेजात असलेल्या एका पोराने, सरळ तोंडावर विचारलंही होतं. मी म्हटलं, भाषांतर नाही बाळा, अर्थ आहे. आता वाटतं, उत्तर चांगलं होतं. खरं होतं का, ते वेगळं.

आणि ही भाषा कुठून यायची? तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. आजीने पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातले उतारे पाठ करून घेतलेले, संडे स्कूलमध्ये दुसऱ्या भाषांतरातले. यशया, यिर्मया, स्तोत्रं, सगळं ओठांवर. यातलं आत्म्याचं किती आणि माझ्या साठवणीतलं किती, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला राग आला असता. आज मीच विचारते आणि मलाच राग येतो.

आणखी एक गोष्ट, जी मी कुणापुढे बोलत नाही. त्या फेलोशिपमध्ये बायकांना संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला परवानगी नव्हती. आधार तोच, चौदावा अध्याय. ज्या पानावर मला अर्थ सांगण्याची जागा दिलीय, त्याच पानावर थोडं खाली बायकांनी मंडळीत गप्प राहावं असंही आहे. मग आमच्या वडीलमंडळींनी तोड काढली: बाई बोलत नाहीत, बाईंच्या तोंडून प्रभू बोलतो. म्हणजे अकरा वर्षं मी जे बोलले ते देव म्हणून बोलले. छपराच्या पत्र्यांसाठी गोळा झालेल्या पैशांचा हिशोब मी विचारला तो माझा मी म्हणून, आणि तेव्हा मला सांगण्यात आलं, ताई, हे पुरुषमंडळी बघतील. ज्याच्या वाट्याला हे आलेलं नाही, त्याने मला 'मोठेपणाची आवड होती' असं म्हणू नये. होती. पण त्याने म्हणू नये.

आता सोडण्याचं खरं कारण सांगते.

2011 चा मे महिना. नगरला, सावेडीकडच्या एका घरात उपवास-प्रार्थना होती. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, पाण्याशिवाय. आजारी आणि म्हाताऱ्यांना सूट, असं पाळक म्हणाले होते, पण सूट घेणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. हॉलमध्ये वीस-बावीस जणं. पंखा होता, वीज नव्हती. खिडक्यांना ओली चादर बांधली होती, ती दुपारी दोनपर्यंत खडखडीत वाळली.

भिंतीला टेकून बोर्डिंगच्या आजी बसल्या होत्या. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या, तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांचं माहेर कुठलं, कुणाला माहीत नव्हतं. लहानपणीच कुणीतरी आणून सोडलं होतं, एवढंच. गेल्या वर्षभरात त्या विसरायला लागल्या होत्या. मला कधी बाई म्हणायच्या, कधी कुठल्याशा मुलीच्या नावाने हाक मारायच्या. दातांची कवळी त्या दिवशी घरी राहिली होती.

तीनच्या सुमारास त्या बोलायला लागल्या. आधी हळू, मग जोरात. आम्हाला न कळणारं. त्यांचं अंग थरथरत होतं, डोळे मिटलेले, एक हात पुढे केलेला. हॉलमध्ये शहारा आला. साठ वर्षं उपासनेत मागच्या बाकावर बसलेली, कधी साक्षसुद्धा न दिलेली बाई, आणि तिच्यावर आज आत्मा उतरला. कुणी 'हालेलूया' म्हणालं, कुणी रडायला लागलं. घरची सून उठली, आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन दारात आली. तिला काय दिसलं होतं ते तिलाच माहीत.

मी हात वर केला. तळहात तिच्याकडे करून. "थांब," म्हटलं, "प्रभू बोलतोय."

ती थांबली. तांब्या दोन्ही हातांत धरून दारातच उभी राहिली. आजी बोलत होत्या, आणि माझ्या छातीत ठेका आला, आणि मी अर्थ सांगितला. चांगला मोठा सांगितला. त्यातलं मधलं वाक्य मला पाठ आहे, कारण पाळकांनी पुढच्या रविवारी ते दोनदा उद्धृत केलं: मी तहानेल्यावर पाणी ओतीन, कोरड्या भूमीवर ओढे वाहवीन. यशया, चव्वेचाळीसावा अध्याय.

पाच वाजता उपवास सुटला. सरबत आलं. आजी तेव्हा गप्प होत्या, मान एका बाजूला कललेली. सरबत ओठांवरून ओघळलं. रिक्षा आणली, दवाखान्यात सलाइन लावलं, दोन दिवस ठेवलं. पण मला कळलं ते त्याच्या आधी, चपलांपाशी. सोलापूरहून आलेला एक तरुण होता, कुणाचा तरी भाचा. त्याच्या गल्लीत सगळे पद्मशाली, त्यामुळे त्याला तेलुगू यायचं. तो बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिला. मग खालीच बघत म्हणाला, "बाई, रागावू नका. त्या आजी तेलुगू बोलत होत्या. दात नाहीत म्हणून मलाही लगेच कळलं नाही. नीळ्ळु, नीळ्ळु म्हणत होत्या. अम्मा, पाणी दे, म्हणत होत्या."

मी त्याला विचारलं, "तू तेव्हाच का नाही बोललास?"

तो म्हणाला, "तुम्ही थांब म्हणालात ना."

आजी त्यातून उठल्या. पुढे आठ-नऊ महिने जगल्या. त्यांना त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं, त्यामुळे मला माफी मागायलाही कुणी उरलं नाही. मी जायची, बसायची. त्या शेवटी शेवटी तेलुगूच बोलायच्या, आयुष्यभराचं मराठी सालासारखं निघून गेलं होतं. मी चार शब्द शिकून घेतले. त्यातला एक तर आलेलाच होता.

भांडणाचं आता सांगते. मी पाळकांकडे गेले आणि म्हटलं, रविवारी मंडळीपुढे हे सांगू या. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. आजी पाणी मागत होत्या. तुम्ही काय म्हणालात? तहानेल्यावर पाणी ओतीन. तेलुगूचं एक अक्षर येत नसताना तुम्ही बरोबर अर्थ सांगितलात. याहून मोठा पुरावा कुठला?"

मी निरुत्तर झाले. खरं सांगायचं तर आजही आहे. रात्री कधी जाग येते तेव्हा मी दोन्ही बाजूंनी वाद घालते. एक बाजू म्हणते, मे महिना, नगर, उपवास, वाळलेली चादर. तिथे कुणाच्याही तोंडी पाण्याचंच वचन आलं असतं, आणि ते वचन तू अकरा वर्षांत कितीदा वापरलंस ते मोज. दुसरी बाजू, म्हणजे पंचेचाळिशीतली मी, अंगात ठेका धरलेली, ती म्हणते, मग त्याच दिवशी का? मागच्या शुक्रवारी तू दारं उघडण्याबद्दल बोलली होतीस, त्या दिवशी पाण्याबद्दलच का? तिला मी गप्प करू शकत नाही. पण मी तिला एवढंच विचारते, की अर्थ बरोबर होता तर तांब्या दारात का राहिला?

माझी पणजी छप्पन्नच्या दुष्काळात (संवत 1956, म्हणजे इसवी सन 1899-1900) केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेल्या मुलींपैकी. त्यामुळे 1905 च्या जूनमधलं ते संजीवन, म्हणजे तिथल्या मुलींवर आत्मा उतरला ती घटना, आमच्या घरात गोष्टीसारखं सांगितलं जायचं. पहाटे एका मुलीवर आत्मा आला, तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या, आणि शेजारी झोपलेली दुसरी मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तेवढ्यात तिला कळलं की ही जळत नाहीये. छापील हकिकतींतही हे आहे. आमच्याकडे ते मुख्य चमत्काराच्या आधीचा विनोद म्हणून सांगायचे, सगळे हसायचे. आता मला त्या हकिकतीत ती बादलीवालीच दिसते. तिचं चुकलं होतं. तरी ती धावली होती.

ज्यांना वाटतं मी आता असली दानं मानत नाही, प्रेषितांबरोबर ती संपली असं म्हणणाऱ्यांत गेले, त्यांनी ऐकावं: तसं नाही. केडगावात बोललेल्या मुलींना मी खोटं म्हणणार नाही. दुष्काळात उचलून आणलेल्या पोरी, ज्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं, त्या उभ्या राहून मोठ्याने बोलल्या. ते काय असतं ते मला ठाऊक आहे. पण त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवत होत्या. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. कोशात मान घालून, कच्च्या मुद्रितांवर, वर्षानुवर्षं. तेही अर्थ सांगणंच. त्यात अंग थरथरत नाही, म्हणून त्याला कुणी दान म्हणायला तयार नसतं.

आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पहिल्यांदा पवित्र आत्मा उतरला तेव्हा, काय झालं होतं, ते प्रेषितांच्या कृत्यांत पुन्हा वाचा. पार्थी, मेदी, एलामी, जो तो आपल्या जन्मभाषेत ऐकत होता. तिथे परक्यांना त्यांची भाषा ऐकू आली. आमच्याकडे एक म्हातारी स्वतःच्या जन्मभाषेत बोलली आणि बावीस माणसांनी मिळून तिला परकं केलं. पौलाने हेही लिहून ठेवलंय, भाषेचा अर्थ कळला नाही तर बोलणारा मला परका आणि मी त्याला. हा चौदावा अध्याय मी किती वेळा शिकवला असेन! बाराव्याच्या शेवटी त्याची आणखी एक यादी आहे. तीत अन्य भाषांच्या आधी 'साहाय्य करणारे' असा एक शब्द येतो. नुसता एक शब्द, त्यावर कुणी शिबिर घेत नाही. त्या दिवशी ते दान दारात उभं होतं, आणि मी त्याला हात दाखवला.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, म्हणजे आता तुम्ही मंडळीत चहापाणी बघता ते प्रायश्चित्त म्हणून? नाही हो. गुडघे दुखतात, उभं राहिलं की बरं वाटतं, आणि गॅसपाशी बोलायला माणसं भेटतात. आणि खरं सांगू? चहा देताना मला कधी त्या ठेक्यासारखं काही वाटलेलं नाही. त्याची आठवण येते. नवऱ्याची येते तशी येते.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. त्यांच्या घरी शुक्रवारी एक तरुण अन्य भाषेत बोलतो, अर्थ सांगायला कुणी नाही, मावशी एकदाच याल का? गेले. का गेले, मला विचारू नका. तो बोलला, फार सुंदर बोलला, आणि माझ्या छातीत, तेरा-चौदा वर्षांनी, ठेका आला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्याला विचारलं, "बाळा, तुझ्या आजोळी कुठली भाषा बोलतात?"

"मराठीच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

दोन शुक्रवार झाले, तो आलेला नाही. त्या मुलीचा काल पुन्हा फोन होता. ती रागावलीय.