बक्षिसी कोणाच्या हातावर पडते

जेवण आटोपल्यावर बिलाचे ते छोटे पाकीट टेबलावर येते आणि तोवर गप्पांत रंगलेल्या माणसांपैकी एकाच्या चेहऱ्यावर अचानक परीक्षकाची कळा चढते. मागवलेले किती वेळात आले, पाणी न मागता मिळाले का, वाढणारा माणूस नीट बोलला का, याचा मनातल्या मनात झटपट हिशेब होतो आणि परत आलेल्या पैशांतल्या एकदोन नोटा त्या पाकिटात तशाच राहू दिल्या जातात. रक्कम मोठी नसते, पण आपण एका कामाचे मोल आत्ता स्वतः ठरवले, असे समाधान देणाऱ्याला मिळते. मलाही ते मिळते, आणि ते सुखाचे असते हे नाकारण्यात अर्थ नाही. आपला पगार दुसरेच कोणी तरी ठरवत असते. बक्षिसी ठरवताना मात्र घटकाभर का होईना, आपण साहेब असतो.

त्याच वेळी आतल्या दाराआड एक माणूस बेसिनसमोर उभा असतो. त्याच्या डाव्या हाताला खरकट्या ताटांची चळत वाढत जाते आणि उजव्या हाताला विसळलेल्या ताटांची. दिवसभर गरम पाण्यात राहून त्याच्या बोटांची टोके पांढरी पडून सुरकुतलेली असतात, पायाखालची फरशी ओली आणि तेलकट असते, आणि वाफेमुळे त्याला समोरच्या भिंतीपलीकडचे काहीही दिसत नाही. वाढणाऱ्याने एक दिवस तोंड वाकडे करून वाढले, तर आपली संध्याकाळ फार तर बेचव होईल. पण या माणसाने एक दिवस कंटाळा करून ताटे नुसती पाण्याखालून काढली, तर कितीतरी घरांत दुसऱ्या दिवशी डॉक्टर शोधावा लागेल. तरीही पाकिटातली नोट ठेवताना तो आपल्या डोक्यात नसतो. काही ठिकाणी जमलेली बक्षिसी सगळ्यांत वाटली जाते हे खरे आहे, पण ती व्यवस्था मालकाची किंवा कामगारांच्या समजूतदारपणाची असते. नोट ठेवणाऱ्याचे तिथे काही कर्तृत्व नसते.

बरे, जो समोर होता, त्याच्या तरी कामाचे मोल त्या नोटेत उतरते का? अमेरिकेत या विषयावर बरेच संशोधन झाले आहे आणि त्यातून निघालेले निष्कर्ष देणाऱ्याचा अहंकार थोडा उतरवणारे आहेत. सेवेचा दर्जा आणि बक्षिसीची रक्कम यांचा संबंध आहे, पण तो अगदी क्षीण आहे. उलट, वाढणारा टेबलाशेजारी उकिडवा बसून बोलला, की पाहुण्याच्या डोळ्यांशी डोळे भिडतात आणि रक्कम वाढते. बिलाच्या मागे हसरा चेहरा काढला, तर वाढणाऱ्या बाईची बक्षिसी वाढते. पुरुषाने तोच चेहरा काढला, तर वाढत नाही. म्हणजे परीक्षकाची कळा चढवून आपण जे गुण देत असतो, ते बऱ्याच अंशी आपल्याला कसे वाटले याचे असतात. त्यात गैर काही नाही, मात्र त्याला कामाचे मूल्यमापन म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

पगाराची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे लहरीला जागा नसते असे आपण मानतो. ज्याला जास्त मिळते, त्याचे काम जास्त महत्त्वाचे असलेच पाहिजे, हा समज आपल्यात इतका मुरलेला आहे की एखाद्याच्या उत्पन्नाचा आकडा कळताच आपला आवाज आपोआप आदबशीर होतो. पण ज्या शास्त्राच्या नावाने हा समज चालतो, त्या अर्थशास्त्राने असे कधी म्हटलेले नाही. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅडम स्मिथने 1776 साली एक कोडे मांडले होते: पाण्याशिवाय माणूस जगत नाही, पण पाण्याच्या बदल्यात बाजारात काहीच मिळत नाही, हिऱ्याचा उपयोग जवळजवळ शून्य, पण त्याच्या बदल्यात हवे ते मिळते. या कोड्याचे समाधानकारक उत्तर यायला जवळजवळ एक शतक लागले. 1871 साली इंग्लंडमध्ये जेव्हन्स आणि ऑस्ट्रियात मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी, एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना, जवळपास एकच गोष्ट सांगितली, आणि थोड्याच वर्षांत वालरासने तीच गोष्ट तिसऱ्या वाटेने गाठली. बाजारभाव एखाद्या वस्तूच्या एकूण उपयोगावरून ठरत नाही, तर तिचा आणखी एक घोट, आणखी एक नग मिळाल्याने किती फरक पडतो, यावरून ठरतो. पाणी मुबलक असते तिथे आणखी एका घोटाने काही बिघडत नाही, म्हणून ते स्वस्त.

मजुरीलाही हेच लागू पडते. तुमच्या कामाशिवाय समाजाचे काय होईल, हे पगार विचारतच नाही. तुम्ही उद्या आला नाहीत तर तुमच्या जागी किती लवकर आणि किती थोडक्यात दुसरे कोणी उभे करता येईल, एवढेच तो विचारतो. कचरा उचलण्याचे काम आठवडाभर थांबले तर शहर नाकाला रुमाल लावून बसेल, पण कचरा उचलणारा एक माणूस गेला तर दाराशी दहा उभे असतात. यात एक दिलासाही दडलेला आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. ज्या गोष्टींवाचून जगणे अशक्य, त्यांचा पूर्ण मोबदला वसूल होऊ लागला, तर धान्य पिकवणारा आणि बाळंतपण करणारी सुईण या दोघांची देणी फेडता फेडता आपले सगळ्यांचे दिवाळे निघेल. आवश्यक गोष्टी स्वस्त असणे हा समाजाचा मोठा विजय आहे. प्रश्न फक्त असा की या विजयाचा खर्च कोणाच्या पाठीवर टाकला जातो.

स्मिथला वाटत होते की निदान कामाच्या त्रासाची भरपाई मजुरीत होत असावी. काम जितके किळसवाणे किंवा जिकिरीचे, तितका मोबदला जास्त, असा त्याचा तर्क होता, आणि त्यासाठी त्याने फाशी देणाऱ्याचे उदाहरण घेतले: सगळ्यांत तिरस्करणीय धंदा, पण कामाच्या मानाने कमाई कोणत्याही साध्या धंद्याहून चांगली. तर्क ऐकायला न्याय्य वाटतो. मात्र 1848 साली जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने आजूबाजूला पाहून नेमके उलटे लिहिले. खरोखर थकवणारी आणि खरोखर किळसवाणी कामे जवळजवळ नेहमीच सगळ्यांत कमी पैशांत केली जातात, कारण ज्यांना दुसरा पर्याय नसतो, तेच ती करतात. या दोघांत मला मिलच जवळचा वाटतो. फाशी देणाऱ्याच्या जागा कितीशा असणार?

मोबदला आणि उपयोग यांच्यातली ही फारकत मला सगळ्यांत स्पष्ट दिसते ती रुग्णालयातल्या रात्रपाळीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस स्वतःहून बदलत नाही. माकडहाड, टाचा आणि नितंबांची हाडे जिथे गादीला टेकतात, तिथली त्वचा सतत दाबली जाते, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत ती लाल होऊ लागते. दुर्लक्ष झाले तर जखम होते, आणि ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते. यावरचा जुना आणि साधा उपाय म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलून देणे. रात्री अकरा, एक, तीन, पाच असे ठोके मोजत एक मावशी किंवा मामा येतात, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून तो जड देह हलकेच वळवतात, पाठीला उशीचा टेका देतात, चादरीची सुरकुती हाताने साफ करतात, कारण सुरकुतीही टोचते, आणि पुढच्या खाटेकडे जातात. नीट झालेल्या या कामाचा पुरावा म्हणजे काहीही न झालेली त्वचा. तिचा फोटो कोणी काढत नाही आणि तिचे बिल कोणी लावत नाही.

हेच काम झाले नाही आणि जखम चिघळली, तर मात्र बिलांची रांग लागते. शल्यविशारद येतो, मृत मांस काढतो, कधी दुसरीकडची त्वचा आणून बसवतो. त्याचे कौशल्य खरे असते, वर्षानुवर्षे घेतलेल्या शिक्षणाचे असते, आणि त्याची फी मला मुळीच खुपत नाही. पण न झालेली जखम आणि बरी केलेली जखम या दोहोंत रुग्णाला कोणती हवी असेल, हे विचारायला नको. झालेले नुकसान भरून काढणारा दिसतो, म्हणून त्याचे आभार मानता येतात. नुकसान होऊच न देणारा दिसत नाही, कारण त्याने जे टाळले ते घडलेलेच नसते. आणि रुग्ण बरा होऊन घरी निघतो, तो बहुधा दिवसाउजेडी. चाकाची खुर्ची दारापर्यंत ढकलणाऱ्याच्या हातावर आनंदाने काही ठेवले जाते. त्याचा त्या पैशांवर हक्क नाही असे मी म्हणत नाही. रात्री कूस बदलणारी मावशी मात्र त्या वेळी पाळी संपवून आपल्या घरी झोपलेली असते.

ही गत फक्त गरिबांच्या कामाची असते असेही नाही. विल्यम नॉर्डहाउस या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा हिशेब मांडला, तेव्हा नव्या शोधांतून समाजाला झालेल्या लाभापैकी शोध लावणाऱ्या उद्योगांच्या पदरात सुमारे 2 टक्केच पडल्याचे त्याला आढळले. बाकीचे आपण सगळ्यांनी कमी किमतींच्या रूपाने, बहुतेक वेळा आभारही न मानता, वाटून घेतले.

मग प्रत्येक कामाची समाजाला असलेली उपयुक्तता मोजून त्याप्रमाणे पगार द्यावेत काय? ऐकायला छान वाटते, पण ते मोजणार कोण, या प्रश्नाशी माझी गाडी अडते. अशी एखादी समिती नेमली, तर तिच्या पहिल्याच बैठकीत समिती सदस्यांचे काम समाजाला अत्यंत उपयुक्त असल्याचा ठराव होईल, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बाजाराची मोजपट्टी तोकडी आहे, पण ती निदान कोणाच्या आत्मप्रौढीवर चालत नाही. माझी तक्रार मोजपट्टीशी कमी आणि ती उलटी वाचण्याच्या सवयीशी जास्त आहे. कमी पगारावरून कमी मोलाचे काम आणि कमी मोलाच्या कामावरून कमी मोलाचा माणूस, अशा दोन पायऱ्या आपण नकळत उतरतो, आणि मग त्या माणसाने चार पैसे जास्त मागितले की तो उद्धट वाटू लागतो.

मोल कळते, पण ते बहुधा काम थांबल्यावर. 24 ऑक्टोबर 1975 रोजी आइसलंडमधल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांनी एका दिवसासाठी नोकरीही सोडली आणि घरकामही. बापांना मुले घेऊन कचेरीत जावे लागले, आणि ज्या कामाला कधी पगारच नव्हता, त्याची जागा किती मोठी आहे हे एका दिवसात देशभर दिसले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा केला. याच्या उलट 2020 साली महासाथीत ब्रिटनमधल्या लोकांनी लागोपाठ दहा गुरुवार दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवल्या. भावना खरी होती, पण टाळी हीदेखील बक्षिसीच. देणाऱ्याच्या मनावर चालणारी. मार्च 2021 मध्ये तिथल्या सरकारने परिचारिकांना 1 टक्का पगारवाढ सुचवली, आणि बरीच ओरड झाल्यावर ती 3 टक्क्यांवर गेली. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण वैद्यांपेक्षा परिचारिकांनाच जास्त लागू पडते.

बक्षिसीचा खरा धोका मला इथे वाटतो. ती आनंदाने दिली जाते तोवर कोणाचे काही बिघडत नाही. ती पगाराच्या जागी येऊन बसली, की मालकाचे देणे गिऱ्हाइकाच्या लहरीवर ढकलले जाते. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे बक्षिसी मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालते, आणि हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. बक्षिसी धरूनही रक्कम 7.25 डॉलरच्या किमान वेतनापर्यंत पोहोचली नाही, तर उरलेले मालकाने भरावेत असा नियम आहे. पण तो पाळला गेला की नाही, हे मालकाला विचारण्याची पाळी तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्यावरच येते.

याची जुनी मुळे पाहायची तर पुलमन कंपनीच्या शयनयानांकडे, म्हणजे रेल्वेतल्या झोपण्याच्या डब्यांकडे, पाहावे लागते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर या कंपनीने गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर म्हणून घेतले. बिछाने घालणे, बूट चमकवणे, रात्री घंटा वाजेल तेव्हा हजर होणे, असे ते काम होते. पगार तुटपुंजा, बाकीचे प्रवाशांकडून मिळवायचे. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज होते. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचा मुलगा रॉबर्ट 1897 ते 1911 या काळात या कंपनीचा अध्यक्ष होता, हा तपशील मला दर वेळी अस्वस्थ करतो. महिन्याचे 400 तास किंवा 11,000 मैल, यांतले जे आधी भरेल ते भरल्यावर पोर्टरचा महिना पुरा होई. 1925 साली कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. तिने प्रवाशांकडे जास्त दानतीची याचना केली नाही. कंपनीकडे पगार आणि तास मागितले. बारा वर्षांच्या झगड्यानंतर 1937 साली करार झाला, महिन्याचे तास 400 वरून 240 वर आले आणि पगार वाढला. प्रवाशांना बक्षिसी द्यायची मोकळीक त्यानंतरही होतीच, फक्त पोर्टरच्या घरची चूल पेटण्यासाठी त्यांची मर्जी पूर्वीइतकी राखावी लागत नव्हती.