चैत्रगौरीचा केक

दुपारी सव्वा वाजता केकवर लावायचं फ्रॉस्टिंग फुटलं. फुटलं म्हणजे नासलेल्या दुधासारखं झालं. बटरचे पिवळट दाणे एका बाजूला, तपकिरी पाणी दुसऱ्या बाजूला. बाहेर 41 अंश ऊन, केक तीन किलोचा, आणि तो सहा वाजता रामबागेतल्या एका घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पोचायचा होता. मी इंदूरला सुदामानगरमध्ये घरूनच केक करते. त्या दिवशी स्वयंपाकघरात शिकले ते आजवर कुठल्याच वर्गात शिकले नव्हते.

ऑर्डर दिली होती त्या घरच्या सुनेनं. मुलीचा पहिला वाढदिवस आणि घरचं हळदीकुंकू एकाच दिवशी आलं होतं. फोनवर तिनं इतकंच सांगितलं, "ताई, गौरीपुढे अंड्याचं काही चालणार नाही. आणि चॉकलेट-व्हॅनिला नको. घरात त्या दिवशी पन्हं असतंच, केकलाही पन्ह्याचीच चव असली तर?" मी लगेच हो म्हटलं. अशा मागण्यांवर माझा जीव आहे. केकचा स्पंज ठरावीकच असतो, चव राहते ती वरच्या थरात. सुगंधाचा बराचसा भाग स्निग्धात विरघळतो, म्हणून वेलची, जायफळ, केशर बटरमध्ये मुरले की जिभेवर रेंगाळतात. शिकंजीचं फ्रॉस्टिंग मी चक्का घालून करते. इथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, दाट दुधाची, केशर-जायफळाची, हे बाहेरगावच्यांना दर वेळी सांगावं लागतं. जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इथला मसाला, घालून खारं कॅरॅमलही करते. पहिल्यांदा केलं तेव्हा जिरावणातल्या हिंगानं सगळं बिघडवलं. आता त्यासाठी बिनहिंगाचं घरीच कुटते.

पन्ह्याचंही इथे आधी ठरवून घ्यावं लागतं. शेजारच्या हिंदी भाषक घरांत केरीचा पना असतो तो भाजलेल्या कैरीचा, त्यात पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ. आपलं पन्हं उकडलेल्या कैरीचं, गूळ, वेलची, केशर आणि चिमूटभर मीठ. सुनेला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "आपलंच. आजेसासूबाई तेच करायच्या."

अंडं नाही म्हणजे मेरिंगवाले, अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाचे, सगळे प्रकार बाद. नुसतं बटर आणि दुप्पट आयसिंग शुगर फेटली तर साखरेपुढे कैरी टिकत नाही. अशा वेळी माझा भरवसा अर्मिन फ्रॉस्टिंगवर असतो. अमेरिकेत रेड व्हेल्वेट केकवर क्रीम चीज येण्याआधी हेच लावायचे. दुधात मैदा शिजवून दाट पेज करायची, पूर्ण गार करायची आणि साखरेसह फेसलेल्या बटरमध्ये चमचा चमचा घालत फेटायची. 250 ग्रॅम बटरला 250 मिली दूध, 40 ग्रॅम मैदा आणि 200 ग्रॅम साखर. खाताना क्रीमसारखं हलकं लागतं, गोडही बेताचं. पन्ह्यात दूध घालायचा प्रश्नच नव्हता. कैरी आणि गूळ दोन्ही दुधाचे वैरी. म्हणून मी दुधाच्या जागी पन्हंच घेतलं आणि त्यातच मैदा शिजवला.

आदल्या दिवशी 100 ग्रॅम बटरवर करून पाहिलं होतं. फार सुंदर झालं. त्या दिवशी 600 ग्रॅमवर केलं आणि फुटलं.

आधी वाटलं, उन्हाचा दोष. बटर फेटायला 18 ते 21 अंश लागतात आणि माझ्या स्वयंपाकघरात पंखा चालू असूनही 35 च्या खाली काटा येत नव्हता. भांडं फ्रिजमध्ये ठेवलं, काढलं, पुन्हा फेटलं. जास्तच पाणी सुटलं. मग पेजेच्या पातेल्याच्या कडेला राहिलेली पेज बोटावर घेतली आणि लक्षात आलं, ती पळीवाढी झाली होती. शिजत असताना चांगली दाट दिसत होती, दाटच राहावी म्हणून मी आणखी ढवळत राहिले, आणि तिथेच घात झाला. आंबट पाण्यात पीठ फार वेळ उकळलं की स्टार्चची साखळी तुटते आणि दाटपणा मोडतो. आदल्या दिवशीची वाटीभर पेज दोन-तीन मिनिटांत झाली होती, आंबटाला वेळच मिळाला नव्हता. सकाळचं पातेलं पंधरा मिनिटं चुलीवर होतं. लेमन पायचं सारण करताना लिंबाचा रस शेवटी घालतात हे मला ठाऊक होतं. कैरीच्या बाबतीत ते आठवलं नाही, कारण पन्हं माझ्या डोक्यात सरबताच्या खणात बसलेलं होतं.

पावणेदोनला लाईट गेली.

फ्रिज बंद, मिक्सर बंद, पंखा बंद. घरात दुसरं बटर होतं फक्त 200 ग्रॅम. धाकट्या दिराला नाक्यावरच्या उसाच्या रसाच्या गाडीवर पाठवलं. उन्हाळ्यात बर्फाची लादी हमखास असते ती त्याच्याकडेच. गाडीवाल्यानं फोडून अर्धी लादी पोत्यात बांधून दिली. मोठ्या घमेल्यात बर्फ, त्यावर फुटलेल्या फ्रॉस्टिंगचं पातेलं. दहा-बारा मिनिटांत बटर आकसून घट्ट झालं. मग ताकावरून लोणी काढावं तसं ते वर काढलं, मलमलच्या फडक्यात बांधून पाणी पिळून टाकलं. चारशे ग्रॅमच्या आसपास बटर परत मिळालं, वेलचीच्या वासाचं. टाकलेलं पाणी मात्र मी चाखून पाहिलं नाही, आणि त्याची किंमत संध्याकाळी कळली.

आता प्रश्न होता पाण्याचाच. बटर थोडं पाणी धरून ठेवतं, त्यापलीकडे गेलं की सोडून देतं. पन्ह्यात तर पाणीच पाणी. पन्ह्यातलं पाणी काढून टाकलं तर काय उरतं? गुळांबा. हे उत्तर सुचलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. इतकी वर्षं दोन्ही बरण्या एकाच फडताळात ठेवणाऱ्या बायकांची मी नात. पन्ह्याची चव केकवर चढवायची तर वाट गुळांब्यावरून जाते.

उकडलेल्या कैरीचा 300 ग्रॅम गर बाजूला काढून ठेवलेला होता. गॅसला लाईट लागत नाही. 500 ग्रॅम गूळ घालून गर आटवायला घेतला. पळीवरून जाड धारेनं पडायला लागेपर्यंत आटवला, केशर शेवटी. शेजारच्या शेगडीवर नुसत्या पाण्यात मैदा शिजवला, 350 मिली पाण्याला 110 ग्रॅम, अगदी खळीसारखा घट्ट. दोन्ही वेगवेगळे बर्फावर गार केले आणि गार झाल्यावरच एकत्र केले. या वेळी पेज मोडली नाही. चमचा उभा राहत होता.

फेटायचं कशानं? मिक्सरची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता, तारेच्या व्हिस्कनं इतकं घट्ट बटर हलेना. तेव्हा आई दिवाळीत करंज्यांच्या साट्यासाठी तूप कसं फेसायची ते आठवलं. परातीत तूप घ्यायचं आणि तळहातानं गोल गोल घासत राहायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. परात बर्फाच्या घमेल्यावर ठेवली. हात कोपरापर्यंत धुतले, बर्फाच्या पाण्यात धरून गार केले आणि सुरुवात केली. हाताची ऊब बटरला मऊ करत होती, परातीचा थंडावा त्याला आवरत होता. बटर जरा चकाकायला लागलं की हात उचलायचा, पुन्हा बर्फाच्या पाण्यात धरायचा. पाऊण तास लागला. जाऊ चमच्यानं गुळांब्याची पेज घालत होती, मी फेसत होते. मशीनवर फेटताना कानाने अंदाज घ्यावा लागतो. हाताखाली ते कधी बटरसारखं लागतं, कधी लोण्यासारखं आणि कधी एकदम सायीसारखं, हे बोटांनाच समजतं. त्यानंतर मी प्रत्येक नवीन चवीचं पहिलं घाणं परातीतच करते. फुटायच्या आधी दोन मिनिटं तळव्याला किंचित ओलं लागतं, ती खूण मशीन देत नाही.

सव्वाचारला लाईट आली तेव्हा आम्ही थर लावत होतो. रंग उतरला होता गुळाचा, फिकट तपकिरी. मी त्यात खायचा रंग घातला नाही. वर चैत्रांगण काढायचं ठरवलं होतं, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, झोपाळ्यातली गौर. पण हाताने फेसलेल्या फ्रॉस्टिंगला बारीक रेघ धरत नव्हती आणि तासभर फ्रिजही हवा होता. म्हणून फक्त कडेनं गोपद्मं काढली आणि मध्ये बाळाचं नाव. साडेपाचला निघालो, गाडीचा एसी पूर्ण, केक माझ्या मांडीवर.

रामबागेतलं घर जुनं, उंच जोत्याचं. ओसरीत आरास मांडलेली, झोपाळ्यात पितळी अन्नपूर्णा, समोर कोरलेलं कलिंगड, परातीत भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ झाकून ठेवलेली. वाळ्याचं पाणी शिंपडलेलं होतं, त्या वासानं दिवसभराचा शीण अर्धा उतरला. केक पाहून सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, गौरीपुढे केक त्यांना फारसा रुचला नव्हता आणि ते त्यांचं मत मला चुकीचं वाटत नाही. पण त्यांनीच पहिला तुकडा कापून आजेसासूबाईंकडे नेला.

आजी गौरीशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या वर. खाली बसणं होत नाही म्हणून ओटीचं सूप त्यांच्या मांडीवर. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, बोटानं वरचा थर घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"पन्हं आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "मीठ राहिलं गं."

क्षणभर मला कळेना. सकाळी पन्ह्यात मीठ मी स्वतः घातलं होतं, मोजून. आणि मग दुपारचं ते तपकिरी पाणी डोळ्यांपुढे आलं. मीठ पाण्यात विरघळतं, बटरमध्ये नाही. फडक्यातून पिळलं ते सगळं मोरीत गेलं होतं. नंतरचा गर बिनमिठाचा, आणि बटरही मी बिनमिठाचंच वापरते.

"आजी, मीठ पाण्याबरोबर गेलं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. परातीतल्या फेसण्याचं आलं तेव्हा त्यांनी माझा उजवा हात पुढे ओढून तळवा पाहिला. लालच होता अजून.

"मिठाचं भांडं आण," त्या सुनेला म्हणाल्या. बारीक मीठ चिमटीत घेऊन त्यांनी आपल्या तुकड्यावर भुरभुरलं, मग दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो माझ्या हातात दिला. मी खाल्ला. गूळ मागे सरला होता, कैरी पुढे आली होती, वेलची अगदी शेवटी. सकाळपासून मला जी चव हवी होती ती हीच.

दारात बायका येऊ लागल्या होत्या. सूनबाईंनी केकचे तुकडे द्रोणात घातले आणि प्रत्येक द्रोण आत न्यायच्या आधी आजींसमोर धरला. आजी चिमटीनं मीठ घालत होत्या, आणि मी शेजारी उभी राहून किती घालतात ते बघत होते.