साताऱ्याहून पुण्याला, आयसीएलच्या मापासाठी

माझा नंबर उणे नऊ आणि कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) पातळ. लेसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवणं, होणार नाही म्हटल्यावर आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसणारी नंबरची लेन्स, बसवायचं ठरलं. ही लेन्स आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या) मागे, आपल्या मूळ भिंगाच्या पुढे बसते.

सातारा-स्वारगेट एसटीची पहिली खेप वायाच गेली. आदल्या रात्रीपर्यंत मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होते, त्यामुळे तपासणी पुढे ढकलली. मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे तरी बंद ठेवावी लागते, कडक असेल तर त्याहूनही जास्त. निघण्यापूर्वी फोन करून नक्की किती दिवस ते विचारून घ्या.

दुसऱ्या खेपेला जुने रिपोर्ट सोबत नेले, ते फार उपयोगी पडले. आधी दुसऱ्या एका ठिकाणी बुबुळाची आडवी रुंदी ११.८ मिलिमीटर आली होती आणि तेवढ्यावरच लेन्स मागवायची तयारी झाली होती. इथल्या यंत्रावर ती ११.६ आली. फरक जेमतेम ०.२ चा. पण लेन्स येते चारच मापांत: १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७. कंपनीच्या तक्त्यात माझ्या डोळ्याच्या खोलीला ११.६ साठी १२.६ ची लेन्स लागते, ११.८ साठी १३.२ ची!

मोठी लेन्स कमानीसारखी वर येऊन आयरिसला पुढे ढकलते, त्यातून डोळ्याचा दाब वाढू शकतो. लहान पडली तर मूळ भिंगाला टेकण्याची, मोतीबिंदूची भीती. बसवलेली लेन्स आणि मूळ भिंग यांच्या मधल्या अंतराला व्हॉल्ट म्हणतात. ते साधारण २५० ते ७५० मायक्रॉन असावं, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

मग यूबीएम, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी. लेन्सचे पाय आयरिसमागच्या खाचेत टेकतात. ओसीटी या प्रकाशाने चित्र घेणाऱ्या तपासणीचा प्रकाश आयरिसपलीकडे नीट पोचत नाही, ध्वनिलहरी पोचतात. आडवं झोपवलं, बधिर करणारे थेंब घातले, पापण्यांमध्ये छोटा कप बसवून त्यात सलाइन भरलं. दुखत नाही, पण डोळा मिटता येत नाही म्हणून जीव घाबरतो. नजर छताच्या एकाच खुणेवर धरा. डोळा हलला की माप चुकतं. माझं माप तीनदा घेतलं आणि मी तक्रार केली नाही. खाच ते खाच ११.७ भरली, १२.६ ची लेन्स पक्की झाली.

बाहुली मोठी करायचे थेंब या मोजमापांनंतरच घालतात. डोळ्याच्या मागचा पडदा तपासायचा असतो, तो शेवटी. परतताना खंबाटकी घाटात ऊन अक्षरशः बोचलं. काळा चष्मा न्या, गाडी स्वतः चालवू नका. दादा सोबत होता म्हणून निभावलं.

लेन्स मागवण्याआधी माप कशावरून ठरवलं ते विचारा आणि रिपोर्टची प्रत मागून घ्या. तिसऱ्या खेपेला शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत व्हॉल्ट ४८० मायक्रॉन. स्वारगेटला उतरल्यावर एसटीची पाटी लांबूनच वाचली, चष्म्याशिवाय.