व्याकरण पक्कं, तरी समोरचा "सॉरी?" म्हणतो

बडोद्यात एक विशिष्ट प्रकारचा विद्यार्थी नेहमी भेटतो. रिफायनरीत किंवा औषध कंपनीत इंजिनीअर, विद्यापीठात संशोधन करणारा, किंवा कॅनडाच्या तयारीत असलेला. घरी मराठी, शेजारी गुजराती, ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी. त्याची ईमेल निर्दोष असते, शब्दसंग्रह दांडगा असतो. पण परदेशातल्या माणसाशी फोनवर बोलताना पलीकडून सारखं "सॉरी?" ऐकू येतं. मग तो उच्चार सुधारायला क्लासला येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला पहिल्या दिवशी 'व्ही' आणि 'डब्ल्यू'मधला फरक शिकवला जातो.

हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. या पातळीवर अडचण सुट्या ध्वनींची कमी आणि आघाताची, म्हणजे स्ट्रेसची, जास्त असते. शब्दातल्या कुठल्या अवयवावर (सिलेबलवर) स्ट्रेस येतो, वाक्यातल्या कुठल्या शब्दावर आवाज वळतो, हे आधी घ्यावं. जीभ-ओठांची दुरुस्ती नंतर. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधल्या आर. के. बन्सल यांनी १९६०च्या दशकात भारतीयांचं इंग्रजी इतर देशांतल्या श्रोत्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला होता. न कळण्याच्या कारणांत चुकीच्या जागी पडलेला शब्दाघात ठळक होता. इंग्रजी कानाने ऐकणारा माणूस शब्द ओळखताना आघाताच्या अवयवाचा आधार घेतो. तो आधार चुकला की बाकीचे ध्वनी शुद्ध असूनही शब्द हातचा जातो.

पहिल्या तासाला शिकवू नये, ध्वनिमुद्रण करावं. एक मिनिट वाचन, म्हणजे साधारण १३० शब्दांचा उतारा, आणि दोन मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल मोकळं बोलणं. दोन्ही हवं, कारण वाचताना विद्यार्थी सावध असतो. खऱ्या सवयी मोकळ्या बोलण्यात दिसतात. ऐकताना तीन रकाने करावेत: शब्दाघात, वाक्यातला मुख्य शब्द, ध्वनी. त्यानंतर विद्यार्थ्याकडून त्याच्या कामात रोज येणाऱ्या ४० शब्दांची यादी घ्यावी. सामान्य पुस्तकातल्या चारशे शब्दांपेक्षा हे ४० शब्द जास्त फळ देतात, कारण तेच मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा येतात.

आता शब्दाघात. खाली आघाताच्या जागी मी ऽ घातला आहे. डिव्हेऽलप, डिटऽर्मिन, इव्हेऽन्ट, सक्सेऽस, कमिऽटी, होटेऽल यांत तो दुसऱ्या अवयवावर आहे आणि आपल्याकडे हे शब्द सर्रास पहिल्यावर जोर देऊन म्हटले जातात. 'कॉऽलीग'चं उलट होतं. नाम-क्रियापदांच्या जोड्या वेगळ्या घ्याव्यात: रेऽकॉर्ड हे नाम, रिकॉऽर्ड हे क्रियापद, प्रेऽझन्ट आणि प्रिझेऽन्ट तसंच. मात्र हा नियम सगळीकडे लावू देऊ नये. 'रिपॉऽर्ट' दोन्ही अर्थांनी सारखाच राहतो.

प्रत्ययांचे नियम प्रौढ विद्यार्थ्यांना आवडतात आणि ते खरोखर कामाचे आहेत. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' आलं की आघात त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर: इलेऽक्ट्रिक, इलेक्ट्रिऽसिटी, फोटोग्रॅऽफिक. अपवाद थोडे आहेत, ते त्याच दिवशी सांगून टाकावेत. 'पॉऽलिटिक्स' हा रोजच्या वापरातला. 'इअर' आणि 'ईज'वर संपणारे इंजिनीऽअर, जपनीऽज मात्र आघात स्वतःवरच घेतात.

नियम पाठ होतो आणि तरी शब्द कळत नाही, असं का होतं? इथे शिक्षकाचा कान लागतो. दोन गोष्टी बिघडतात.

पहिली: 'जोर द्या' म्हटलं की विद्यार्थी मोठ्याने बोलतो. इंग्रजीत मोठा आवाज हा आघाताचा दुबळा घटक आहे. आघाताचा अवयव लांबतो, त्याचा स्वर स्पष्ट राहतो, सूर हलतो आणि आजूबाजूचे अवयव आखडतात. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. 'फोऽटोग्राफ'मधून 'फटॉऽग्रफी' करताना पहिला 'फो' पार विरघळून 'फ' व्हायला हवा. गंमत म्हणजे त्यासाठी लागणारा आखूड स्वर मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून आहे: तो आपला अ. अडवतं ते इंग्रजी स्पेलिंग. 'ओ' दिसला की 'ओ' म्हणायचा, 'ए' दिसला की 'आ' किंवा 'ए'. म्हणून शब्द फळ्यावर देवनागरीत, कानाला येतो तसा लिहावा: कम्फ्टबल, व्हेज्टबल, अव्हेऽलबल. फक्त एक काळजी घ्यावी. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही, त्यामुळे 'सोफा'सारख्या शब्दांचा शेवट देवनागरीत नीट लिहिता येत नाही. तिथे तोंडानेच दाखवावं.

सरावाला जाड रबर बँड उत्तम. दोन्ही अंगठ्यांत धरायचा, आघाताच्या अवयवावर ताणायचा, बाकीच्यांवर ढिला सोडायचा. प्रत्येक शब्द पाच वेळा, मग त्या शब्दाचं एक खरं वाक्य. टेबलावर टकटक करण्यापेक्षा हे बरं, कारण टकटक पुन्हा जोराकडे नेते, ताण लांबीकडे.

दुसरी बिघाडाची जागा अधिक सूक्ष्म आहे. आपल्या भाषांमध्ये वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर सूर आधी खाली बसतो आणि मग शब्दाच्या शेवटाकडे चढतो. हीच चाल इंग्रजीत आली की 'डिव्हेऽलप'मधला 'व्हे' लांब असूनही खालच्या सुरात राहतो आणि 'लप' उंच जातो. इंग्रजी कान उंच सुराकडे ओढला जातो आणि आघात शेवटी पडला असं समजतो. विद्यार्थी म्हणतो, "पण मी बरोबरच म्हटलं!" त्याचं म्हणणं त्याच्या परीने खरं असतं. अशा वेळी प्राट हे ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर लावून सुराची रेषा दाखवावी. पुरुषांच्या आवाजासाठी पिचची मर्यादा ७५ ते ३०० हर्ट्‌झ, स्त्रियांसाठी १०० ते ५०० ठेवावी, नाहीतर रेषा भलत्याच उड्या मारते. खोलीतला पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर दूर. सूत्र एकच: सगळ्यात उंच सूर आघाताच्या अवयवावर, आणि त्यानंतर लगेच उतार. रेषा डोळ्यांनी पाहिल्यावर जे विद्यार्थी आठवडाभर अडून बसलेले असतात ते बहुधा मोकळे होतात.

ध्वनींबद्दल थोडक्यात. 'थ'चा ध्वनी, जड 'ट-ड' यांच्यामागे लागू नये. त्यांनी अर्थाचा घोळ क्वचित होतो. तीन गोष्टी मात्र कराव्यात. आघाताच्या अवयवाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांना थोडी हवा द्यावी, नाहीतर 'पिन' परदेशी कानाला 'बिन' लागतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली की हवा दिसते. स्वरांची लांबी सांभाळावी: 'शिप' आणि 'शीप', आणि त्याहून दुर्लक्षित 'बॅक' आणि 'बॅग', जिथे ग, ड, ब यांच्या आधीचा स्वर लांब व्हायला हवा. गुजराती वातावरणात वाढलेल्यांचे 'हॉल' आणि 'होल', 'स्नॅक्स' आणि 'स्नेक्स' एकदा तपासून घ्यावेत.

तिसरी गोष्ट 'झेड'ची, आणि इथे मराठी विद्यार्थ्यांची चूक गुजराती विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी असते. गुजराती भाषक बऱ्याचदा सगळीकडेच तालव्य, म्हणजे 'जीवन'मधला, 'ज' वापरतो. मराठी माणूस 'झू' चांगलं म्हणतो, पण 'ईझी', 'बिझी', 'झिप' म्हणताना घसरतो. कारण 'माझा' आणि 'माझी' म्हणून पाहिलं की कळतं: इ-ए आधी आपला झ आपोआप तालव्य होतो. उपाय असा: लांब 'स्स्स' धरायचा, जीभ न हलवता त्यात कंठाचा आवाज मिसळायचा, गळ्यावर बोट ठेवून कंप तपासायचा, आणि तो चालू असतानाच 'ई' जोडायचा. जीभ वर टेकली की पुन्हा पहिल्यापासून.

आता वाक्य. मराठीत भर द्यायला आपल्याकडे 'च'सारखी अव्ययंच आहेत. 'मीच रिपोर्ट पाठवला', 'मी रिपोर्टच पाठवला', 'मी सोमवारीच पाठवला'. इंग्रजीत ते काम बहुतेक वेळा सूर करतो. म्हणून 'च'चा सराव हा माझ्या मते आपल्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात उपयोगी सराव आहे. एकच इंग्रजी वाक्य घ्यावं: 'आय सेन्ट द रिपोर्ट ऑन मंडे'. शिक्षकाने मराठी वाक्य म्हणायचं, 'च' प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. विद्यार्थ्याने तेच इंग्रजी वाक्य त्या शब्दावर सूर वळवून म्हणायचं. त्या शब्दानंतरचं सगळं सपाट, खालच्या सुरात. ज्यांनी तबला शिकला आहे त्यांना मुख्य शब्द म्हणजे सम, असं सांगितलं की लगेच उमगतं: सगळा ओघ तिथे येऊन पडतो.

पुढची पायरी 'तर'ची. 'मी तर पाठवला होता', म्हणजे बाकीच्यांचं मला माहीत नाही. इंग्रजीत हे 'आय'वर सूर खाली आणून पुन्हा किंचित वर नेऊन सांगतात. हा उतार-चढाव प्रौढ विद्यार्थ्यांना कृत्रिम वाटतो, कारण तो एकटा शिकवला जातो. 'तर'शी जोडला की त्याला अर्थ मिळतो.

इथे नेहमी होणारी चूक अशी की विद्यार्थी शेवटच्या शब्दावर ठाम बसतो. 'नॉट द रेड शर्ट, द ब्लू शर्ट' यात दुसरा 'शर्ट' जुना झालेला आहे, तो दबला पाहिजे आणि 'ब्लू' उठला पाहिजे. मराठी विद्यार्थी दोन्ही वेळा 'शर्ट'वर थांबतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी नवीन सांगितलं. सरावासाठी दुरुस्तीचे संवाद चांगले: शिक्षक मुद्दाम चुकीची माहिती सांगतो, विद्यार्थी पूर्ण वाक्यात फक्त चुकलेला शब्द उचलून दुरुस्त करतो. फोनवरच्या आकड्यांचाही हाच धडा. 'फिफ्टीऽन' आणि 'फिऽफ्टी' आघाताने वेगळे होतात, पण 'फिफ्टीन पीपल' असं नाम पुढे आलं की आघात पहिल्या अवयवावर सरकतो आणि फरक पुसट होतो. तिथे शेवटचा 'न' स्पष्ट म्हणावा आणि शंका असल्यास 'वन फाइव्ह' म्हणून खात्री करावी. रक्कम असेल तर नेहमीच.

इंग्रजीत आघात समान अंतराने पडतात असं शिकवून मेट्रोनोम (ठरावीक अंतराने ठोके देणारं यंत्र) लावणारे शिक्षक आहेत. मोजणी केल्यावर प्रत्यक्ष बोलण्यात तशी समान अंतरं सापडत नाहीत. मेट्रोनोमने विद्यार्थी कविता म्हटल्यासारखा बोलू लागतो, म्हणून मेट्रोनोम टाळावा. 'टू', 'फॉर', 'ऑफ' यांसारख्या शब्दांची आखूड रूपं ऐकण्यासाठी जरूर शिकवावीत, कारण ती माहीत नसतील तर समोरचा फार भरभर बोलतो असं वाटत राहतं. बोलताना ती नाही आली तरी चालेल.

सुराची चाल शेवटी घ्यावी, आणि मोजकीच. माहितीचं वाक्य संपताना सूर पूर्ण उतरला पाहिजे. आपल्याकडे तो प्रत्येक तुकड्याच्या शेवटी वर राहतो आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो. 'इजन्ट इट'सारख्या शेपटीला आपलाच 'ना' उपयोगी पडतो: 'उद्या येतोस ना?' हा चढता, खरा प्रश्न. 'गरम आहे ना आज' हा उतरता, दुजोरा मागणारा. आणि 'कॅन यू सेन्ड इट टुडे' उतरत्या सुरात म्हटलं की 'प्लीज' जोडूनही ते हुकूम वाटतं. ज्यांना परदेशी ग्राहकांशी बोलायचं आहे त्यांच्यासाठी शेवट चढता ठेवायची ही एकच चाल तासभर घासावी.

घरी करायचा सराव: २०-३० सेकंदांचा कुठलाही नैसर्गिक बोलण्याचा तुकडा. दोनदा नुसता ऐकायचा. मग उताऱ्यात थांबे आणि मुख्य शब्द पेन्सिलीने आखायचे. मग तोंड बंद ठेवून फक्त 'हं हं हं' करत चाल गुणगुणायची. शब्द सगळ्यात शेवटी. गुणगुणण्याची पायरी गाळली की विद्यार्थी शब्दांच्या मागे धावतो आणि सूर जुनाच राहतो. रोज दहा मिनिटं पुरतात.

वर्गात मोकळं बोलणं चालू असताना मध्येच टोकू नये. कागदावर टिपून ठेवावं आणि शेवटी प्रत्येकाला दोनच गोष्टी सांगाव्यात. आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्पीकिंगमध्ये उच्चाराला चारपैकी एक हिस्सा, म्हणजे २५ टक्के आहे, पण तिथेही ब्रिटिश लकब अपेक्षित नसते; नीट कळणं आणि सुराचा वापर पाहतात. त्यामुळे बडोद्याची छाप पुसायची गरज नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगावं.

सहा-आठ आठवड्यांनी पहिलाच उतारा पुन्हा ध्वनिमुद्रित करावा. तपासणी शिक्षकाने करू नये, कारण तोपर्यंत त्याच्या कानाला विद्यार्थ्याची सवय झालेली असते. दोन्ही ध्वनिमुद्रणं, कोणतं आधीचं ते न सांगता, वर्गाबाहेरच्या दोन वेगवेगळ्या श्रोत्यांना प्रत्येकी एक अशी द्यावीत, शक्यतो भारतीय इंग्रजीची सवय नसलेल्या. एकाच श्रोत्याने दोन्ही ऐकली तर दुसऱ्या वेळी उतारा त्याच्या ओळखीचा झालेला असतो. जे ऐकू येईल ते त्यांनी लिहून काढायचं. चुकलेल्या शब्दांवर खूण करून पाहिलं की पुढचा महिना कशावर घालवायचा ते त्या कागदावरच दिसतं.