चोंदलेले नाक आणि बदनाम स्वभाव

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आठ दिवस आधी माळ्यावरून मखराचे खोके खाली उतरवताना माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला लागोपाठ शिंका आल्या आणि ‘मला हा सणच नको’ असे म्हणून तो खोलीत जाऊन बसला. तिरसट हे विशेषण त्याला लागून तोवर दोन वर्षे झाली होती. सकाळी उठवले की कुरकुर, शाळेतून आला की पलंगावर आडवा आणि पाहुण्यांची चाहूल लागली की दार बंद, असा त्याचा दिनक्रम आम्ही वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो.

फोंड्याच्या नाक-कान-घसा तज्ज्ञांनी त्याला काही विचारण्याआधीच नाकाच्या शेंड्याच्या जरा वर असलेली आडवी रेघ पाहिली. ॲलर्जीने खाज सुटल्यामुळे तळव्याने नाक खालून वर वारंवार चोळले, की तिथे अशी घडी पडते. तो नाक चोळतो हे मला रोज दिसत होते, रेघ मात्र दिसली नव्हती.

आमच्या घरातला या ॲलर्जीचा मुख्य आरोपी निघाली गादी. धुळीतले माइट हे डोळ्यांना न दिसणारे, आठ पायांचे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी हवेतल्या दमटपणातून शोषून घेतात, त्यामुळे गोव्याचा पावसाळा त्यांना चांगलाच मानवतो. त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांविरुद्ध ज्यांच्या शरीरात आयजीई नावाची, ॲलर्जीला कारण ठरणारी प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात, त्यांच्या नाकातल्या पेशी हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारे रसायन सोडतात आणि अस्तर सुजते. आडवे झाल्यावर ही सूज अधिकच जाणवते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि झोप रात्रभर तुटत राहते. आठ तास अंथरुणात काढूनही न झोपलेला मुलगा सकाळी गोड बोलेल, ही अपेक्षा आमचीच चुकीची होती.

ॲलर्जीने नाक वाहणाऱ्या किशोरांमध्ये चिंता आणि उदासपणा अधिक आढळतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र नाकामुळे मन बिघडते, मनावरच्या ताणामुळे नाक अधिक त्रास देते की दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय ‘तुम्ही लवकर चिडता का’ असे विचारणाऱ्या व्यक्तिमत्त्व चाचणीला स्वभावातली चीड आणि जागरणाची चीड वेगळी ओळखता येत नाही, असे माझे मत आहे. मी स्वतः शिक्षिका आहे आणि ‘वर्गात लक्ष नसते, इतरांत मिसळत नाही’ हा शेरा मी प्रगतिपुस्तकांवर किती वेळा लिहिला असेल, ते आठवले की अवघडल्यासारखे होते.

औषधांचाही यात वाटा असतो. सर्दीवरच्या जुन्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि गुंगी आणते. परीक्षेच्या सकाळी मीच ती गोळी त्याला दिली होती. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परीक्षेच्या काळात ॲलर्जीचा त्रास असलेल्या विद्यार्थ्यांची श्रेणी घसरण्याची शक्यता जास्त आढळली आणि गुंगी आणणारे औषध घेणाऱ्यांत ती आणखी जास्त होती. आपल्याकडे ॲलर्जी आणि दम्यासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्ट या गोळीवर तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये चिडचिड, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांबाबतचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्या गोळीने अनेकांना गुण येतो हेही खरे. पण ती सुरू असताना मूल बदलल्यासारखे वाटले, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आम्ही गादीला बंद खोळ घातली, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊ लागलो आणि स्टिरॉइडचा नाकातला फवारा रोज नियमाने सुरू केला. त्याचा गुण यायला दोन आठवडे लागले. सकाळची भांडणे हळूहळू थांबली. पाहुणे आले की दार मात्र अजून बंदच होते, कारण तेवढे त्याचे स्वतःचे आहे. यंदा मखराचे खोके त्याने तोंडाला मास्क बांधून, एकट्याने, एक शब्दही न बोलता खाली उतरवले.